खजुराचा कंटेनर न्हावा शेवातून सोडवताना: लेबल, सॅम्पल आणि एनओसी

खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. सुट्टीवर येणारा माणूस खजूर घेऊनच येतो, आणि कधीतरी विषय निघतोच: हाच खजूर कंटेनरभर आणला तर? रमजानला मागणी हमखास, मस्कतचा किंवा दुबईचा पॅकर ओळखीचा, चुलतभाऊ तिथे उभं राहून माल भरून द्यायला तयार. हिशेब जमतो, पैसेही उभे राहतात. गाडी अडते ती उरणला, न्हावा शेवा बंदरात.

मी उरणमध्ये सीएचएच्या (कस्टम्स हाउस एजंटच्या) ऑफिसात काम करतो. आयातदाराच्या वतीने कस्टम्सकडे कागद लावायचे आणि माल सोडवायचा, हा रोजचा उद्योग. पहिल्यांदा खाद्यपदार्थ आणणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला जे समोर बसवून सांगावं लागतं, ते इथे लिहून ठेवतो. उदाहरण खजुराचं घेतलंय, पण बदाम, चॉकलेट, डबाबंद मासे, कोल्ड्रिंक काहीही आणा, वाट थोड्याफार फरकाने हीच. आणि यातला मोठा भाग जहाज सुटण्याआधीचा आहे. खजूर बंदरात आल्यावर करण्यासारखं फार कमी उरतं. पॅकिंगच्या वेळी जे झालं असेल तेच इथे उघडं पडतं.

आधी हे ओळखा: सॅम्पल कोण काढतंय आणि कशासाठी

एकाच कंटेनरमधून तीन वेगळी खाती नमुना काढू शकतात, आणि नवखा आयातदार तिघांनाही "कस्टमवाले" म्हणतो. मग चुकीच्या टेबलावर चुकीचा कागद घेऊन उभा राहतो.

पहिलं खातं खुद्द कस्टम्स. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १४४ खाली ते मालाचा नमुना घेऊ शकतात. त्यांना खजूर खाण्यालायक आहे की नाही यापेक्षा तुम्ही जे लिहिलंय तेच कंटेनरमध्ये आहे का, आणि ते कुठल्या शुल्कदरात बसतं, हे हवं असतं. श्रीवर्धनच्या माणसाला सुपारीचं उदाहरण लगेच कळेल. बाहेरच्या सुपारीवर २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांची किमान आयात किंमत आहे. ती चुकवायला कुणी माल दुसऱ्याच नावाने आणतोय का, असा संशय आला की नमुना सीलबंद होतो, टेस्ट मेमो (तपासणीची चिठ्ठी) बनतो आणि कस्टम्सच्या रासायनिक प्रयोगशाळेकडे जातो.

दुसरं खातं प्लांट क्वारंटाइन. कीड, बुरशी, तणाचं बी देशात शिरू नये हे त्यांचं काम, आणि २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरवर ते चालतं. शेतमाल आणि त्याचे सुकवलेले प्रकार बहुतेक याखाली येतात. तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीडमुक्त असल्याचा दाखला) लागतं, काही जिन्नसांना आधी इंपोर्ट परमिट लागतं. आपल्या जिन्नसाला काय लागतं हे ऑर्डरच्या परिशिष्टात बघून मगच सौदा करा. मासे, मांस, दुधाचे पदार्थ आणायचे असतील तर हेच काम अॅनिमल क्वारंटाइनकडे जातं, आणि ज्या मालाला सॅनिटरी इंपोर्ट परमिट लागतं त्याचं परमिट माल निघण्याआधी हातात हवं. माल समुद्रात आणि परमिटचा अर्ज दिल्लीत, अशी वेळ आणू नका.

तिसरं एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम २५ ने आयात होणारं प्रत्येक अन्न या कायद्याखाली येतं, आणि २०१७ च्या आयात नियमांत सगळी पद्धत दिलेली आहे. लोक ज्याला "टेस्टिंगला गेलाय माल" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखानदारांसाठी एक खुलासा. तुम्ही आफ्रिकेची बी घेताना जी कटिंग टेस्ट करता, बी कापून ८० किलोच्या पोत्यामागे किती पाउंड गर निघेल हे काढता, ती व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातली गोष्ट. दराच्या भांडणात तो आकडा कामाचा, सरकारी अधिकाऱ्यापुढे त्याला वजन नाही.

जहाज सुटण्याआधी

दोन नंबर हातात नसतील तर पुढे वाचूही नका: डीजीएफटीकडचा (केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याकडचा) आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, आणि एफएसएसएआयचा आयातदार म्हणून केंद्रीय परवाना. दुकानाचं राज्याचं फूड लायसन्स इथे चालत नाही, ते कितीही जुनं असो. परवान्यावरचा पत्ता आणि आयईसीवरचा पत्ता जुळतो का ते बघा. गावच्या घराचा पत्ता एकीकडे आणि मुंबईच्या भावाचा दुसरीकडे, हा आपल्याकडचा ठरलेला घोळ.

बंदराचं म्हणाल तर खाद्यपदार्थ अधिसूचित प्रवेशद्वारातूनच आणता येतात. कोकण किनाऱ्यावर बंदरं पुष्कळ, पण कंटेनरमधला खाण्याचा माल म्हणजे न्हावा शेवाच धरून चाला.

आता लेबल. माझ्या पाहण्यात पहिल्या खेपेचा माल प्रयोगशाळेपेक्षा लेबलावर जास्त अडतो, आणि राग याचाच येतो की ते घरबसल्या तपासता येतं. पॅकरकडून पाकिटाच्या पुढच्या, मागच्या आणि बुडाच्या बाजूचे फोटो मागवा. डिझाइनची पीडीएफ नको. प्रत्यक्ष छापून भरलेल्या पाकिटाचे फोटो. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलाच पाहिजे, सोबत अरबी असेल तर हरकत नाही. घटकांची यादी, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, लॉट किंवा बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, बेस्ट बिफोर किंवा एक्स्पायरी, बनवणाऱ्याचा पत्ता, मूळ देश हे एकेक करून टिक करा. तारीख आणि लॉट शिक्क्याने मारलेले असतील तर नखाने घासून बघायला सांगा. आखातातल्या काही पाकिटांवर तारखेचे आकडे फक्त अरबी अंकांत असतात. तिकडच्या दुकानात ते चालतं, इथे अधिकारी लिहून ठेवतो: तारीख वाचता येत नाही.

इथे येऊन काय दुरुस्त करता येतं आणि काय नाही, हे पाठच करा. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारीचं चिन्ह, आणि पदार्थाची श्रेणी व सर्वसाधारण नाव, एवढ्याच गोष्टी बाँडेड, म्हणजे कस्टम्सच्या ताब्यातल्या, गोदामात न निघणारा एकच स्टिकर लावून पुऱ्या करता येतात. प्रोप्रायटरी फूड (ज्याला ठरलेलं मानक नाही असा पदार्थ) असेल तर त्याचं स्वरूप आणि घटकही. उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, बॅच नंबर, घटकांची यादी स्टिकरवर चालत नाही. ती मूळ पाकिटावरच हवी. "तारखेचा स्टिकर मारू ना इथे" असं कुणी सुचवलं तर त्या माणसाला दूर ठेवा. स्टिकर लावतानाही तो मूळ मजकुरावर बसू देऊ नका. मांसाहारी चिन्ह म्हणजे आता तपकिरी त्रिकोण. जुना तपकिरी गोल छापून ठेवलेले स्टिकर अजून कुणाकुणाच्या कपाटात निघतात.

खजुरात एक बारीक जागा आहे. पॅकर खजूर चमकावा म्हणून वरून ग्लुकोज सिरप किंवा तेलाचा हात फिरवतात. पद्धत सर्रास आहे आणि त्यात गैर काही नाही, पण लेबलावर घटक म्हणून नुसतं "खजूर" लिहिलेलं असेल आणि प्रयोगशाळेत सिरप निघालं तर माल मिसब्रँडेड, म्हणजे चुकीच्या लेबलाचा, ठरतो. पॅकरला सरळ विचारा: वर काय लावता? जर्दाळू, मनुकांच्या बाबतीत हाच प्रश्न सल्फाइटबद्दल विचारा. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते अॅलर्जीकारक म्हणून लेबलावर सांगावं लागतं. एनर्जी ड्रिंक आणणाऱ्यांसाठी: आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. तिकडच्या डब्यावरचा आकडा आपल्या चौकटीत बसतो का, हे ऑर्डर देण्याआधी गणित करून बघायचं.

शेल्फ लाइफचा नियम निम्मे लोक चुकीचा सांगतात. "साठ टक्के आयुष्य शिल्लक हवं" एवढंच कानावर पडलेलं असतं. नियम असा: बंदरात येताना एकूण आयुष्याच्या ६० टक्के, किंवा एक्स्पायरीला ३ महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक हवं. दोन वर्षांच्या खजुराचे साठ टक्के म्हणजे चौदा महिन्यांच्या वर जातात, पण ३ महिने त्याहून कमी, म्हणून ३ महिने पुरेत. उलट चार महिने टिकणारं चीज असेल तर साठ टक्के म्हणजे २.४ महिने, तेच लागू. पाच महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या मालाला व्यवहारात तीन महिन्यांचीच अट उरते. याचा अर्थ जुना माल आणा असा नाही. चिपळूणच्या दुकानदाराला तीन महिन्यांचं पाकीट विकून दाखवा, मग बोलू.

लॉटबद्दल माझा आग्रह जुना आहे. पहिल्या कंटेनरमध्ये एक जिन्नस, फार तर दोन, आणि लॉट शक्य तितके कमी. प्रत्येक प्रकाराचा आणि लॉटचा नमुना वेगळा, फी वेगळी, रिपोर्ट वेगळा. तीन जातींचा खजूर, त्यातच अंजीर, थोडा बदाम, वर बिस्किटांची खोकी असा किराणा भरून आणला की एकाचा रिपोर्ट अडला तरी सगळ्या कंटेनरचं भाडं चढत राहतं. विविधता दुसऱ्या खेपेला दाखवा.

माल भरण्याआधी तिकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रत्येक लॉट तपासून घ्या, आणि तपासणी आपल्या मर्यादांवर मागा, तिकडच्या नाही. आपल्याकडे ज्या कीटकनाशकाची मर्यादा त्या पिकासाठी ठरवून दिलेली नाही त्याला सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. तिकडे चालणारं औषध इथे नेमकं त्या फटीत सापडतं. हा रिपोर्ट इथल्या सॅम्पलिंगची जागा घेत नाही, पण माल भरायचा की नाही ते सांगतो, आणि पुढे पॅकरशी वाद झाला तर हातात कागद असतो.

पॅकरशी करार करताना एक ओळ घाला: भारतीय प्रयोगशाळेत माल नापास झाला तर परत नेण्याचा खर्च कोणाचा. ओळखीत हे लिहून घ्यायला लोक संकोचतात.

कंटेनर भरतानाच्या दोन गोष्टी. लाकडी पॅलेट असतील तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का, गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, दिसलं पाहिजे. आणि घामाची काळजी. आखातातून निघालेला डबा दिवसा तापतो, रात्री थंड होतो, मालातला ओलावा छताला थेंब बनून खाली पडतो. सगळ्यात वरचा थर आणि दाराजवळची खोकी त्यातच भिजतात, आणि अधिकारी दार उघडल्यावर पहिलं तेच बघतो. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा, वरून क्राफ्ट पेपर घाला. जून ते सप्टेंबरमध्ये माल येणार असेल तर हे टाळूच नका. आपल्या पावसात शेडखाली उघडलेलं खोकंसुद्धा तासाभरात मऊ पडतं.

बुकिंग करताना शिपिंग लाइनकडून फ्री डेज (डब्याचं भाडं न लागणारे दिवस) जितके वाढवून मिळतील तितके घ्या. नंतर कुणी एक दिवस सोडत नाही.

कागद

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा अर्ज, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं असावं लागतं, आणि तीस दिवस आधीपासून भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० रुपये, त्यानंतर दिवसाला १०,००० रुपये दंड. सगळं आयसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, होतं. २०१६ मध्ये सिंगल विंडो सुरू झाल्यापासून एफएसएसएआय, क्वारंटाइन यांच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. त्याच बिलात मालाची माहिती भरली की जोखीम बघून यंत्रणा ठरवते कुठल्या खात्याकडे पाठवायचं. कागद तिथल्याच ई-संचितवर चढवायचे: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, मूळ देशाचा दाखला, फायटो, लॉटवार अॅनालिसिस रिपोर्ट, लेबलचे फोटो. सफरचंद, मका, सोयाबीन, पपई अशा २४ पिकांपैकी काही असेल तर २०२१ पासून जीएम (जनुक बदललेलं) नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं. चीनचे दूध आणि दुधाचे पदार्थ यांवर बंदी आहे, तो विचारच सोडा. चॉकलेटातली दूध पावडर कुठली हेही बघा.

सीएचएला इन्व्हॉइस पाठवताना पॅकिंग लिस्टमध्ये लॉट नंबर, प्रत्येक लॉटची खोकी, उत्पादन आणि एक्स्पायरी तारीख लिहून घ्या. "खजूर, ९०० खोकी" एवढ्यावर आम्ही काय भरणार? आकडे मालाशी जुळले नाहीत की एफएसएसएआयचा अधिकारी ऑनलाइन क्वेरी टाकतो. क्वेरीला उत्तर दिलं नाही तर फाइल तिथेच पडून राहते आणि मीटर चालू राहतं.

कागद पसंत पडले की फी भरायची, मग पाहणीची आणि नमुन्याची वेळ मिळते.

यार्डात, दार उघडल्यावर

द्रोणागिरी, भेंडखळ, खोपटे, करळ फाटा, या बाजूला सीएफएसची (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डांची) रांग आहे. माल तिथे आलेला असतो. शक्य असेल तर आयातदाराने स्वतः यावं, किमान पहिल्या खेपेला. बूट घालून या, आणि दुपारची वेळ मिळाली असेल तर टोपी. शेडच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय हाल होतात ते एकदा बघाल तेव्हा कळेल.

क्रम असा लावा, की प्लांट क्वारंटाइनची पाहणी आधी किंवा त्याच दिवशी. जिवंत कीड निघाली तर ते फ्युमिगेशन सांगतात, आणि एफएसएसएआयच्या अधिकाऱ्यापुढे फिरती अळी ठेवणं शहाणपणाचं नाही. दोन्ही खात्यांच्या वेळा जवळ आल्या तर माल दोनदा काढावा लागत नाही, माथाडींची मजुरीही एकदाच.

सील नंबर बिल ऑफ लेडिंगशी ताडून मगच कापतात. मग माल उतरवायचा, आणि उतरवताना लॉटवार थप्प्या लावायच्या, मध्ये माणूस फिरेल एवढी वाट ठेवून. हे काम सीएफएसच्या सुपरवायझरवर सोडलं तर तो जागा वाचवायला सगळं भिंतीला लावून मोकळा होतो. मग अधिकारी विचारतो, "ह्या लॉटची खोकी कुठायत?" आणि सुपरवायझर तुमच्याकडे बघून म्हणतो, "शेठ, ती मागं गेली." अर्धा दिवस तिथे जातो. काही वेळा अपॉइंटमेंटच जाते.

अधिकारी आधी डोळ्याने बघतो. खोकी भिजली आहेत का, फुगली आहेत का, किडे, बुरशी, उंदराच्या खुणा, वास. मग लेबल, तारीख, लॉट. खजुराची पाकिटं फोडून चार-दोन खजूर चिरून आत बघणं हेही आलंच. अळी बाहेरून दिसत नाही, बीजवळ असते, आणि तिच्या आधी तिची बारीक काळी विष्ठा दिसते. या पाहणीतच माल पसंत पडला नाही तर नमुना काढतच नाहीत. लेबलची मोठी चूक इथेच गळ्यात येते.

पसंत पडला तर नमुना. नमुन्याचे दोन भाग होतात, दोन्ही सीलबंद. एक प्रयोगशाळेकडे, दुसरा राखून ठेवला जातो, पुढे वाद झाला तर लागेल म्हणून. सीलवर लॉट नंबर, तारीख, सह्या असतात. तुम्ही किंवा तुमचा माणूस तिथे असेल तर सह्या करण्याआधी लॉट नंबर स्वतः वाचून बघा. इथे आकडा चुकला तर रिपोर्ट भलत्याच लॉटचा येतो, आणि तो दुरुस्त करून घेणं म्हणजे नव्याने लग्न लावण्यासारखं. मोबाईलवर सीलचा फोटो काढायला परवानगी मिळाली तर काढून ठेवा. रीफरचा (थंड कंटेनरचा) माल असेल तर गोठवलेला नमुना थंडच जायला हवा, म्हणून बर्फाच्या पेटीची सोय आधी विचारून घ्या.

सात दिवसांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालाला रिपोर्टची वाट न बघता तात्पुरती एनओसी, म्हणजे माल सोडायला हरकत नसल्याचा दाखला, देण्याची सोय आहे. शंभर टक्के निर्यातीसाठी कच्चा माल आणणाऱ्या कारखान्यांना, रत्नागिरीकडचे मासळी प्रक्रिया करणारे यात येऊ शकतात, वेगळी वाट आहे: हमीपत्र द्यायचं, माल देशात विकायचा नाही. खजूर विकणाऱ्याला यातलं काही लागू नाही.

प्रयोगशाळेत

कायद्याने प्रयोगशाळेला रिपोर्टसाठी पाच दिवस दिलेले आहेत. सुट्ट्या, कागद, फेरविचारणा धरून मी पहिल्या खेपेला आयातदाराला जहाज लागल्यापासून तीन आठवडे धरायला सांगतो. रमजानच्या तोंडावर त्याहून जास्त, कारण तेव्हा सगळ्यांचाच खजूर आलेला असतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षीचं बुकिंगचं कॅलेंडर तसंच वापरू नका.

काय तपासतात हे जिन्नसावर अवलंबून. सुक्या फळांत ओलावा, कीड, कीटकनाशकांचे अंश, शिसं आणि इतर जड धातू, बुरशीचं विष. मसाल्यात सुदानसारखे बेकायदा रंग आणि साल्मोनेला. तेलात ट्रान्स फॅट, जे २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत हवं. कोळंबीत प्रतिजैविकांचे अंश. डबाबंद बांगडा-तारलीसारख्या माशांत हिस्टामिन, जे मासा डब्यात जाण्याआधी उन्हात राहिला की तयार होतं आणि नंतर शिजवून जात नाही.

बुरशीच्या विषावर जरा थांबतो, कारण सुक्या मेव्याचा धंदा यावर बुडतो आणि आयातदाराला ते शेवटपर्यंत अन्यायच वाटत राहतं. अॅस्परजिलस नावाची बुरशी ओलाव्यात वाढते आणि अफ्लाटॉक्सिन सोडते. सरळ खाण्याच्या सुक्या मेव्याला एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला १० मायक्रोग्रॅमपर्यंत, पुढे प्रक्रिया होणाऱ्याला १५ पर्यंत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भाजून हे विष पुरतं जात नाही. अडचण अशी की ते मालात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. शेकडो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्यातच इतकं असतं की तो एकटा अख्ख्या नमुन्याचा आकडा वर नेतो. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे लागू पडत नाही. म्हणूनच पॅकरने दाराजवळच्या दोन खोक्यांतून मूठभर पिस्ते काढून तपासलेला "नील" रिपोर्ट आणि इथला नापास रिपोर्ट दोन्ही खरे असू शकतात.

यावर उपाय एकच, तिकडे नमुना नीट काढणं. लॉटच्या पुष्कळ खोक्यांतून, वरून, मधून, खालून, थोडं थोडं घ्यायचं, सगळं एकत्र करायचं, सगळं दळायचं आणि मग त्या पिठातला भाग तपासायचा. चार दाणे उचलून तपासणं म्हणजे नशिबाला कौल लावणं. चुलतभाऊ तिकडे आहे ना? त्याला गोदामात पाठवा आणि हे समोर उभं राहून करून घ्या. त्याच्या फोनवरच्या "माल एक नंबर आहे" याचा उपयोग नाही.

भाडं चढतंय, तोवर

रिपोर्टची वाट बघताना पैसा दोन ठिकाणी जातो: सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) आणि लाइनचं कंटेनर डिटेन्शन (डबा अडकवल्याचं भाडं). माल डबा रिकामा करून सीएफएसच्या शेडमध्ये ठेवला तर डबा परत जातो, डिटेन्शन थांबतं. दुसरी सोय कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ ची: माल सुटायला वेळ लागणार असेल तर परवानगी घेऊन तो तीस दिवसांपर्यंत गोदामात ठेवता येतो, मुदत वाढवूनही मिळू शकते. अर्ज नमुना निघाल्याच्या दिवशीच करा. रिपोर्ट उशिरा येणार हे कळेपर्यंत थांबलात तर त्याचा फायदा निम्मा संपतो. या काळात माल विकायचा, हलवायचा, दोन खोकी चाखायला काढायची, हे डोक्यातूनही काढून टाका.

रिपोर्ट उलटा आला तर

पास झाला की एनओसी ऑनलाइन कस्टम्सला जाते, ड्युटी भरली की आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल बाहेर न्यायची परवानगी, मिळतो. नापास झाला की एनसीसी (माल मानकात बसत नसल्याचं प्रमाणपत्र) येतं. ते आलं की पहिल्या तासात तीन गोष्टी बघा: लॉट नंबर तुमचाच आहे का, कुठल्या मापदंडावर अडलं, आणि तो मापदंड तुमच्या जिन्नसाला लागू होतो का. श्रेणी चुकीची भरली गेल्याने चुकीचा मानक लागला, असंही होतं.

लेबलाची दुरुस्त होण्यासारखी चूक असेल तर स्टिकरचा रस्ता आहे. प्रयोगशाळेच्या निकालावर आक्षेप असेल तर फी भरून दुसरा राखीव भाग रेफरल प्रयोगशाळेत पाठवायची मागणी करता येते. मुदत मोजकी असते, म्हणून विचार करायला गावी जाऊ नका. तिथला निकाल शेवटचा. कीटकनाशकाचा आकडा मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट आला असेल तर मी पुन्हा पाठवायला सांगत नाही, दिवस आणि भाडं दोन्ही जातं. अफ्लाटॉक्सिन मर्यादेच्या काठावर असेल तर विचार करण्यासारखं आहे, वर सांगितलेल्या कारणासाठी. पण राखीव भागही त्याच नमुन्यातला आहे हे लक्षात ठेवा.

तेही नाही झालं, तर माल परत पाठवणं किंवा कस्टम्सच्या देखरेखीखाली नष्ट करणं, दोन्ही खर्च तुमचे. पॅकरबरोबरच्या करारातली ती ओळ इथे कामाला येते. एवढं ध्यानात ठेवा की कायद्यात निकृष्ट मालाला ५ लाखांपर्यंत आणि मिसब्रँडेडला ३ लाखांपर्यंत दंड आहे, आणि माणसाला अपायकारक ठरलेल्या अन्नाला तुरुंगही. एनसीसी आलेला माल "कुणाच्या तरी ओळखीने" बाहेर काढून देतो म्हणणारे उरणच्या चहाच्या टपऱ्यांवर भेटतात. ते पैसे घेतात, परवाना तुमचा जातो.

माल गोदामात आल्यावर

मुंबई-गोवा रस्त्याने माल खेडला पोचला म्हणजे तपासण्या संपल्या असं नाही. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक तुमच्याकडून किंवा तुम्ही माल दिलेल्या किरकोळ दुकानातून नमुना घेऊ शकतो. तेव्हा नमुन्याचे चार भाग होतात आणि प्रयोगशाळेला चौदा दिवस असतात. पाकिटावर एमआरपी आणि आयातदाराचा स्टिकर शाबूत हवा. "फॉरेनचा माल" म्हणून आपल्या बाजारपेठांत जी दुकानं चालतात तिथे असा स्टिकर नसलेला माल सर्रास दिसतो. तो सुटकेसमधून घरच्यासाठी म्हणून आलेला असतो. घरी खायला त्याला सूट आहे, दुकानात विकायला नाही. तुमचा रीतसर आणलेला माल त्याच फळीवर बसतो, तेव्हा दुकानदाराला एनओसीची झेरॉक्स देऊन ठेवा.

बिल ऑफ एंट्री, एनओसी, लॉटवार रिपोर्ट आणि कुठला लॉट कुणाला किती दिला याची वही, एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गोदामात ठेवा, घरी नाही. माल परत मागवायची वेळ आली तर निरीक्षक पहिली तीच मागतो. आणि पावसाळ्याआधी उरलेला खजूर जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब लावा. एनओसी बंदरातल्या खजुराला मिळालेली असते, जुलैत भिंतीला टेकून ओल धरलेल्या खजुराला नाही.